आबांच्या धाब्यावरची माती

आबा कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघायचे. घरातली माणसं 'या आबा, बसा आबा' म्हणत असायची, कुणी पाण्याचा तांब्या पुढे करायचं, आणि हे उंबऱ्यातच मान मागे टाकून उभे. डोक्यावरचं सगळं नीट न्याहाळून झालं की मगच माणसांकडे वळायचे. लग्नघरी, दवाखान्यात, एकदा तर दहाव्याला गेलो होतो तिथेही मी त्यांना असं बघताना पाहिलं आहे. वर पत्रा दिसला की तोंडातून 'च्यक्' असा आवाज निघायचा. स्लॅब दिसला तर घरधन्याला विचारायचे, "मे महिनामा कसं ऱ्हातंस रे आठे?" आणि धाबं असलं तर काही न बोलता भिंतीला पाठ लावून बसायचे, जणू स्वतःच्याच घरी आले आहेत.

धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. सागाचे सर म्हणजे तुळया, त्यावर आडव्या फळ्या, फळ्यांवर कपाशीच्या काड्या आणि निंबाचा पाला, आणि त्यावर चोपून बसवलेली पांढरी माती. खानदेशात पूर्वी बहुतेक घरं अशीच होती. आता गावागावांत ती मोजकी उरली आहेत. आबांचं घर त्यांतलं एक होतं.

ते धाबं आता नाही. अक्काही नाहीत. अक्का म्हणजे आबांच्या पत्नी. धाबं पडलं तेव्हा त्या खाली होत्या आणि आबा वर होते. आबांविषयी लिहायचं तर हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण त्यांची कुठलीही गंमत आठवली की तिच्या मागोमाग मला हेच आठवतं. आणि यात माझा हात आहे, हेही मला सांगायचं आहे. हे मी आजवर जेवढ्या लोकांना सांगितलं तेवढ्यांनी मला समजावलं, की तुझा काय संबंध, तू तर भाडेकरू. मला समजूत काढून घ्यायची नव्हती.

मी तेव्हा नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली होती. धुळ्यापासून तासाभराच्या अंतरावर, पांझरेच्या काठचं गाव. तिथल्या सरकारी दवाखान्यात औषधं देण्याचं काम होतं माझं. मूळचा मी जळगावचा, मेहरूणमधला, तिथे चाळीत वाढलेला. आबांच्या घराची पुढची खोली मी भाड्याने घेतली. मागच्या दोन खोल्यांत ते दोघं राहायचे. एकुलती मुलगी शिरपूरकडे दिलेली.

आबांच्या घरात आत शिरताना उंच माणसाला वाकावं लागायचं. आबा स्वतः चांगले उंच होते. सराखाली आले की त्यांचं डोकं आपोआप डावीकडे झुकायचं, आणि ती सवय इतकी मुरली होती की मोकळ्या रानात चालतानाही ते मधेच डोकं झुकवायचे. मी एकदा म्हटलं, "आबा, इथे कुठे सर आहे?" तर म्हणाले, "व्हता. तू उना तव्हय पळना."

घर मात्र थंड होतं. मे महिन्यात बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना आत पाय टाकला की अंगावर गार पाणी ओतल्यासारखं वाटायचं. आबांना त्याचा एवढा अभिमान, की भर दुपारी रस्त्याने जाणाऱ्या ओळखीच्या-बिनओळखीच्या माणसाला हात धरून आत आणून बसवायचे आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. त्याने 'वा' म्हटल्याशिवाय सुटका नसे. एकदा मला म्हणाले, "ते ताप मोजानं आन रे तुनं." मी थर्मामीटर आणला. तो त्यांनी भिंतीला लावला, माझ्या घड्याळाकडे बघत उभे राहिले, मग काढून माझ्या हातात दिला. पारा हललाच नव्हता. "घरले ताप नही," त्यांनी जाहीर केलं, आणि मग हे वाक्य महिनाभर गावभर सांगितलं. अक्का म्हणाल्या, "घरले नही. डोकाले शे."

या थंडाव्याचं कारण माती, आणि माती हा आबांचा एककलमी कार्यक्रम. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मुलगी माहेरी यायची. अंगणातल्या निंबाला झोका बांधायचा, चार दिवस गाणी, पुरणपोळ्या, सांजोऱ्या. ती सासरी परत गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी आबा धाब्यावर. पावसाळ्याआधी धाब्याला नवी माती द्यावी लागते हे खरंच आहे, सगळे देतात. पण शहाणी माणसं आधी जुनी माती खरवडून खाली काढतात, मग नवी घालतात. आबा जुनी काढायचे नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की जुनी माती मुरलेली असते, ती हलवली की घर उघडं पडतं. म्हणून जुनीवर नवी, त्या नवीवर पुढच्या वर्षीची नवी. दुसऱ्या कुणाला ते वर चढू द्यायचे नाहीत. खालून गडी टोपली द्यायचा, आबा दोरीने ओढून घ्यायचे, पसरायचे आणि लाकडी चोपण्याने तासन्तास चोपत बसायचे. खाली आमच्या खोलीत धप् धप् आवाज यायचा आणि ताटात बारीक माती पडायची.

"आना," अक्का अंगणातून ओरडायच्या, "बठ्ठं वावर आना नि डोकावर ठेवा." बठ्ठं वावर म्हणजे अख्खं शेत.

वरून उत्तर यायचं, "माटी शे. दगड नही."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. धाब्याबद्दल कुणी काहीही बोललं तरी एवढंच.

पुढे माझं लग्न झालं, आणि बायको गरोदर राहिली. एका खोलीत कसं व्हायचं हे मी बोलायच्या आतच आबा एका सकाळी परसात दोरी घेऊन उभे दिसले. "पोर येई तर खोली पाहिजे," म्हणाले. परसदारी, जुन्या घराच्या मागच्या भिंतीला लागून, विटांची एक वाढीव खोली काढायची. वर स्लॅब, कारण सागाचे सर आता परवडत नव्हते. स्लॅबला ते तयार झाले यातच आमच्यावर त्यांचा केवढा जीव होता हे मला कळायला हवं होतं.

भांडण झालं ते उंचीवरून.

त्या भागात वाढीव खोली काढताना एक रीत पाळतात. नव्या खोलीचं छत जुन्या घराच्या छतापेक्षा हातभर खाली ठेवायचं. धाकट्याने थोरल्यासमोर उंच आसनावर बसू नये, तसं. शिवाय त्यात सोयही असते, जुन्या धाब्याच्या पन्हाळीचं पाणी नव्यावर उतरतं, नव्याचं पाणी जुन्या मातीवर येत नाही. आबांनी मिस्तरीला काठीने भिंतीवर खूण करून दाखवली. मिस्तरी धुळ्याचा, तोंडाचा मोकळा, मला भाऊसाहेब म्हणायचा. त्याने खुणेखाली उभं राहून हात वर केला. हात खुणेच्या पार वर गेला.

"आबा, याच्यात पंखा लावला तर भाऊसाहेबांची मान जाईल."

"मंग पंखा नको."

"वर धाबं असतं तर नको होता. हा स्लॅब आहे. मे महिन्यात भाकरीसारखं भाजून निघेल बाळ."

मिस्तरी दहा फूट म्हणत होता. आबा हलेनात. दोन दिवस काम थांबलं. तिसऱ्या दिवशी मी बोललो. आवाज चढवून बोललो नाही, पण बोललो ते असं, "आबा, दहा फूट होत नसेल तर राहू द्या. आम्ही दुसरीकडे बघतो."

मला दुसरीकडे बघायचं नव्हतं. गावात भाड्याने खोल्या नव्हत्याच. मला माहीत होतं की आबांना त्या बाळाची माझ्यापेक्षा जास्त घाई झाली आहे, आणि ते माहीत होतं म्हणूनच मी तसं म्हटलं. बायको ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्तरीला म्हणाले, "दहा कर."

स्लॅब ओतला त्या दिवशी अंगणात मिक्सर धडधडत होता, मजुरांसाठी शिऱ्याचं पातेलं चढलं होतं, अक्का सगळ्यांना हाताने वाढत होत्या. आबा शिरा खाऊन गोठ्यात जाऊन बसले. नव्या छतावर ते त्या दिवशी गेले नाहीत. नंतरही कधी गेले नाहीत.

मुलगा झाला. आबा रोज सकाळी खोलीत यायचे, सवयीने आधी वर बघायचे, 'च्यक्' करायचे, मग पाळण्यात बघायचे आणि तोंड पार बदलून जायचं. बाळ दहा फुटांखाली पंख्याच्या वाऱ्यात झोपायचं. मला वाटायचं, जिंकलो.

एके दिवशी बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर आम्ही दोघं बसलो होतो. गावातलाच एक जण म्हणाला, "आबा, भाडेकरू डोक्यावर बसला ना हो तुमच्या! लांबून आता भाऊसाहेबांचंच घर दिसतं." सगळे हसले. आबाही हसले. मीही हसलो. मला त्यात थोडी मौजही वाटली, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी आखाजी झाल्यावर अंगणात बैलगाडीऐवजी ट्रॅक्टरची ट्रॉली आली. माती उतरली. मग दुसरी ट्रॉली आली. मी दवाखान्यातून दुपारी जेवायला आलो तर आबा धाब्यावर ओणवे, आणि नव्या स्लॅबच्या कडेपासून जुन्या धाब्याच्या समोरच्या कडेपर्यंत त्यांनी एक सुतळी ताणून बांधलेली. सुतळीच्या खाली अजून बरीच जागा रिकामी होती.

"हे काय आबा?"

"बरोबरीले आनाई ऱ्हायनू."

जुनं घर नव्याच्या खाली राहू नये म्हणून ते जुन्या घराचं छत मातीने वर उचलत होते. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. सांध्याजवळ पाणी झिरपतं असं कारण ते सांगायचे, आणि थोडं झिरपायचंही. पण सुतळी कशासाठी होती हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मधल्या खोलीचं दार अडकायला लागलं. आबांनी सुताराला बोलावून दाराची वरची कड तासून घेतली. काही महिन्यांनी पुन्हा अडकलं, पुन्हा सुतार. "लाकूड फुगस," आबा म्हणाले. सुतार रंधा थांबवून म्हणाला, "आबा, उन्हाळ्यात लाकूड सुकतं. फुगलंय ते दुसरं काहीतरी." आबांनी त्याला चहा पाजला आणि पुढच्या वेळी दुसरा सुतार बोलावला.

मधला सर खाली आलेला मला दिसत होता. पुढच्या खोलीतल्या पलंगावर पडल्यावर त्याच्या पोटाचा फुगवटा दिसायचा. आबांचं डोकं आता जास्त झुकायचं, आणि एकदा कपाळाला खोक पडून ते माझ्याकडे पट्टी करायला आले तेव्हा हसून म्हणाले, "म्हातारपनमा मनी उंची वाढी ऱ्हायनी." पट्टी करता करता मी म्हटलं, "आबा, उंची तुमची नाही वाढत. छत खाली येतंय. निदान एक टेकू तरी लावू या सराला."

"टेकू?" ते म्हणाले. "लोक काय म्हनतीन? आबाना घरले बी काठी लागनी."

"जुनी माती थोडी काढा मग."

"माटी शे, दगड नही. तू गोळ्या दे."

मी गोळ्या दिल्या.

मग माझी बदली झाली, जळगावला. सामान टेम्पोत चढलं. अक्कांनी मुलाच्या हातात सांजोऱ्यांचा डबा दिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, यासले एक डाव सांगी दख ना. तुनं ऐकतीन. मले रातले सर बोलस असं वाटस." सर बोलतो म्हणजे कुरकुरतो. मी आबांजवळ गेलो. ते टेम्पोच्या मागच्या फळीची कडी नीट लागली का ते बघत होते. मी म्हटलं, "आबा, ते धाब्याचं जरा बघा." एवढंच म्हटलं, तेही टेम्पोचं इंजिन चालू असताना. त्यांनी मान डोलावली. कडीसाठी की माझ्यासाठी, मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही.

टेम्पोत बायको म्हणाली, "जरा जोरात बोलायचं होतं."

"घर त्यांचं आहे," मी म्हटलं. खरं म्हणजे मला हलकं वाटत होतं. आता तो फुगवटा रोज बघावा लागणार नव्हता.

धाबं पडलं ते भाद्रपदात. तीन-चार दिवस झड लागली होती. सांध्याजवळ ओल आली म्हणून आबा सकाळी, पाऊस थोडा थांबल्यावर, मातीची टोपली घेऊन वर गेले. अक्का आत कळण्याच्या भाकरी करत होत्या. शेजारच्या बाईने मला नंतर सांगितलं, की आवाज फार मोठा झाला नाही. पोतं टाकल्यासारखा झाला. ती धावत आली तर घराच्या जागी चार भिंती, आणि भिंतींच्या मधे मातीच्या ढिगावर आबा बसलेले. त्यांचा पाय मोडला होता. ते दोन्ही हातांनी माती बाजूला करत होते आणि अक्कांना नावाने हाक मारत होते. शेजारीण म्हणाली, चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडी ते नाव तिने ऐकलं नव्हतं.

मला फोन आला तेव्हा मी खिडकीवर औषधं देत होतो. पोहोचलो तोवर अक्कांना काढून नेलं होतं. आबांना धुळ्याच्या दवाखान्यात हलवलं होतं. अंगणात गावातली माणसं फावडी टेकवून उभी होती. मी ढिगाजवळ गेलो आणि हातात माती घेतली. वरची वीतभर ओली होती. तिच्या खालची सगळी कोरडी, भुसभुशीत, उन्हात वाळवल्यासारखी. टपरीवर 'भाडेकरू डोक्यावर बसला' म्हणणारा तोच माणूस माझ्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "बघा ना भाऊसाहेब. गळलं नाही. एवढ्या झडीत थेंब आत गेला नाही." त्याच्या आवाजात कौतुक होतं. मग त्याला ते जाणवलं असावं. तो फावडं तिथेच टाकून निघून गेला.

परसातली खोली जशीच्या तशी उभी होती. रंगसुद्धा उडाला नव्हता.

आबा शिरपूरला मुलीकडे गेले नाहीत. पाय जुळल्यावर काठी घेऊन गावी आले आणि त्या खोलीत राहायला लागले, दुसरी जागाच नव्हती. मी दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा शेजारपाजारचे बसलेले, त्यामुळे जे बोलायचं ते राहून गेलं. माझ्याबरोबर मेहरूणला चला म्हटलं, तर म्हणाले, "तुनं तठे तर डोकावर तीन मजला शेतस."

फाल्गुनात त्यांचा फोन आला. "ये एक दिन. एक काम शे. एकलाघाई व्हत नही." एकलाघाई म्हणजे एकट्याने.

मी रविवारी गेलो. एस.टी.त बसल्यापासून एकच वाक्य घोळवत होतो. दहा फुटांचा हट्ट माझा होता, आबा. तुम्ही वर माती चढवली ती माझ्यामुळे. असं सरळ म्हणायचं, दुसरं काही नाही.

खोलीत आबा पलंगावर बसले होते. मांडीवर अक्कांच्या लुगड्यांचा मोठा गठ्ठा होता. चार-पाच लुगडी शेजारणीकडून एकमेकांना जोडून घेतली होती. चारही भिंतींवर, माझ्या डोक्याच्या हातभर वर, नवे खिळे ठोकलेले. धाब्याच्या घरात वरून माती गळते, म्हणून स्वयंपाकाच्या जागी असं कापड ताणून बांधायची पद्धत आहे. पण इथे वर स्लॅब होता. इथून काय गळणार?

"आबा, हे कशाला?"

ते वर बघत म्हणाले, "झोप लागत नही. वर काहीच नही वाटस. इतलं उंच काय करानं शे मले?"

मी स्टुलावर चढलो. आबा खालून टोकं देत होते. पहिला कोपरा बांधला, दुसरा बांधला. हिरवं, जांभळं, विटकरी कापड खोलीच्या मधोमध पसरत गेलं. वापरून वापरून ते इतकं पातळ झालं होतं की खिडकीतला उजेड त्यातून आरपार जात होता.

"पंखा वरच राहील," मी म्हटलं. "उन्हाळ्यात कसं व्हायचं?"

"पंखा तुले पाहिजे व्हता," ते म्हणाले. राग नव्हता त्यात. असलेली गोष्ट सांगावी तसं म्हणाले.

तिसऱ्या कोपऱ्यापाशी मी थांबलो. भिंतीकडे तोंड होतं म्हणून बोलता आलं. "आबा, हट्ट माझा होता. दहा फूट मी म्हटलं. मी तसं म्हटलं नसतं, तर तुम्ही एवढी माती चढवली नसती. अक्का..."

मी वळून पाहिलं. आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, आणि माझ्याकडे नव्हे, कापडाकडे बघत होते. मधोमध ते थोडं खाली आलं होतं.

"तो कोपरा ढिला शे," ते म्हणाले. "ओढ."

मी ओढला.

"आजून."

मी अजून ओढला.